भिकाचा राजीनामा

घोडेगावच्या अलीकडं एका खासगी दूध शीतकरण केंद्रात भगवंत कारकून होता. अक्षर असं, की आसपासच्या वाड्यांतले सगळे अर्ज त्याच्याच हातून जायचे. शाळेचा दाखला असो की विजेच्या मीटरची तक्रार, लोक म्हणायचे, भगवंतभाऊकडून लिहून आण, साहेब परत पाठवत नाही.

त्याच केंद्रात भिका दूध उतरवून घ्यायचा. कॅनचं झाकण काढून नुसता वास घेतला तरी नासू घातलेलं दूध त्याला कळायचं. अठरा वर्षं केंद्र त्याच्या नाकावर चाललं. सत्त्याण्णव साली तपासणीचं यंत्र आलं आणि मॅनेजरांना भिका जड वाटू लागला.

त्यांनी भगवंताला आत बोलावलं. काढायचं म्हटलं तर महिन्याची नोटीस द्यावी लागते, वर तक्रारी. त्याच्याकडूनच राजीनामा घे, तुझं ऐकेल तो, असं सांगितलं. नोटिशीचं ते कलम भगवंताला पाठ होतं. भिकाच्या नेमणुकीच्या कागदावर त्यानंच ते उतरवलं होतं. पण पुढचा नंबर आपला लागायला नको, एवढंच तेव्हा त्याच्या मनात आलं.

त्यानं लिहिलं, ‘घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने आजपासून राजीनामा देत आहे.’ आणि वाचून दाखवलं. भिकाला अक्षरओळख होती ती सहीपुरतीच.

“भाऊ, ह्यो महिना निघाला आस्ता तर बरं व्हतं,” भिका म्हणाला. “बोरीचे पावणे येत्यात थोरलीला बघायला. बाप नोकरीत हाये म्हनलं की बरं दिसतं.”

‘आजपासून’ खोडून ‘एक महिन्यानंतर’ लिहायचं, एवढंच काम होतं.

“साहेबांचं ठरलंय रे,” भगवंत म्हणाला.

“तुमी लिवलंय म्हंजी बराबरच आसंल,” म्हणत भिकानं सही केली.

त्या दिवशी भगवंताचा डबा तसाच परत आला. बायकोनं विचारलं, तर म्हणाला, भाजी खारट झाली होती. तिनं चाखून पाहिली. मीठ उलट कमीच होतं.

बारा दिवसांनी पाहुणे आले. बैठकीत शिकलेला माणूस हवा म्हणून भिकानं भगवंताला आग्रहानं नेलं. पोहे झाले, मुलगी आत गेली, तशी मुलाच्या चुलत्यानं नोकरीची चौकशी केली. राजीनामा दिलाय, स्वखुशीनं, असं भिकानं सांगितलं.

चुलता हसला. “पोरीचं लगीन तोंडावर, आन् स्वखुशीनं? दुधात पानीबिनी तर न्हाई ना घातलं, राव?”

सोबतचे दोघंतिघं हसले. भिकाची मान खाली गेली. बारा दिवस गिळून ठेवलेलं भगवंताच्या तोंडून मग निघालंच.

“त्यानं दिला नाही, द्यायला लावला. महिन्याची नोटीस त्याच्या हक्काची होती. कागद मी लिहिला.”

भिकानं मान वर केली. “तुमाला ठावं व्हतं?”

“होय.”

चहा आला तेव्हा भिकानं कप आधी भगवंतालाच दिला.

माणूस चोख आहे, एवढं बोरीकरांना पुरलं. सोयरीक जुळली. भिकानं भगवंताच्या घरी येऊन पत्रिका दिली, वाकडा शब्द कधी काढला नाही. पण रेशनकार्डावरून थोरलीचं नाव कमी करायची वेळ आली, तेव्हा तो सकाळच्या एसटीनं घोडेगावला निघाला, तहसीलबाहेरच्या अर्जनविसाकडून अर्ज लिहून घ्यायला. स्टँडची वाट भगवंताच्या ओट्यासमोरून जाते. भगवंत ओट्यावरच बसला होता, पेन खिशाला.

“निघालास का?”

“व्हय भाऊ,” म्हणून भिका पुढं गेला.