आईसाठी काढलेली पेशी

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात आईच्या घशाखाली अन्न उतरेनासं झालं. वऱ्हाडातल्या शिरपूरला आमचं कापडाचं दुकान होतं, मागेच घर. अकोल्याच्या डॉक्टरांनी वडिलांना बाजूला नेऊन काय ते सांगितलं आणि आम्हाला कळलं एवढंच, की घसा सुजलाय. पेज दिली तरी निम्मी बाहेर यायची. मला तिचा रागच यायचा. पर्युषणात उपासावर उपास हसत काढणारी बाई, हिला साधं जेवणं जमू नये?

मी तेव्हा मॅट्रिकला होते. शाळेत शिकवलं, की पानाच्या पेशीत हिरवे कण असतात, ते ऊन पकडतात आणि त्याचं अन्न करतात. झालं, माझं डोकं चालायला लागलं. घरी येऊन ओसरीवर खडूने मी माणसाच्या कातडीची नवीकोरी पेशी काढली. वर पातळ पापुद्रा, खाली हिरव्या कणांची दाटी आणि तिथून साखर थेट रक्तात. मधे घसा कुठे येतच नव्हता.

आईने खाटेवरून वाकून पाहिलं, तेव्हा मी तिला पानाचं सगळं सांगितलं. ‘‘मंग रातच्याले काय खाते थे पान?’’

‘‘काहीच नाही. दिवस मावळला की बंद.’’

आमच्या जैन घरातही अंधार पडल्यावर कोणी खात नसे. ती खुदकन हसली. ‘‘पाय बरं, म्हंजे पान बी आपल्यातलंच हाये. अन् खायासाठी कोनाले मारत बी नाही.’’

मग रोज सकाळी ती अंगणात खाटेवर दोन्ही हात उन्हात धरून बसायची. शाळेतून आल्या आल्या मी विचारायची, ‘‘जेवलीस?’’

‘‘लय झालं आज. पन तुह्या पेशीत मीठ टाक थोडं. अळनी लागते.’’

उन्हाळा तिने पाहिला नाही. इतकी वर्षं झाली, तरी सकाळचं ऊन अंगणात आलं की मला ती हवीशी वाटते, तिथेच, खाटेवर, माझी थट्टा करत.

पुढे मी जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी कोणीतरी विचारायचंच, ‘‘मॅडम, माणसाची कातडी हिरवी असती तर?’’ मी सांगायची, आपली कातडी थोडी आणि भूक मोठी. दिवसभर उन्हात बसलं तरी फार तर दोन घासांपुरतं अन्न होईल.

‘‘एवढंच?’’ म्हणून वर्ग हसायचा.

रोज ते दोन घास जरी तिच्या पोटात गेले असते, तर त्या हिवाळ्यात मला आणखी काय हवं होतं?