नानांच्या शाळेवरचा शेरा

मी गाव सोडलं त्या दिवशी शाळा चालू होती, त्यामुळे नाना मला मोटारीपर्यंत सोडायला आले नाहीत. चौथीचं गणित अर्ध्यावर टाकून निघणं माझ्या वडिलांना जमलंच नसतं. सुदैवानं मोटार शाळेसमोरच थांबायची. मी आणि आई ट्रंक घेऊन उभ्या राहिलो तेव्हा ते पायरीपर्यंत आले, खडूचे हात अंगापासून लांब धरून. म्हणाले, "पोचलीस की पत्र घाल. आणि बी.ए.वर थांबू नकोस, मास्तरकीची बी.टी. हो. जन्मभर आम्ही शेरे खाल्ले, घरात एक तरी शेरा लिहिणारं माणूस पाहिजे." आई म्हणाली, "आत्याच्या घरी बसून खाऊ नकोस." मोटार आली आणि नाना आत वळले. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर मला जायची घाई झाली होती. तुम्ही गावात राहिलेल्यांनी हे वाचून तोंड वाकडं करू नका. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना हे सांगायला नकोच.

गावाकडे शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना दिपोटी म्हणत. दिपोटी शाळेच्या वहीत जे लिहून जातील तो शेरा, आणि त्या दोन ओळींवर मास्तरची बढती, बदली सगळं ठरायचं. शाळेमागं स्कूल बोर्डानं दिलेल्या दोन खोल्या हेच आमचं घर, त्यामुळे तपासणी म्हटलं की ती घरादाराचीच तपासणी. आई आठ दिवस आधीपासून शाळेचं अंगण सारवत असे. नाना पट भरलेला दिसावा म्हणून शेजारच्या वाडीतून पोरं गोळा करून आणत, आणि त्यातलं एखादं साहेबांना आपल्या खऱ्या शाळेचं नाव सांगून मोकळं होई. असे शेरे खाऊन नानांचे केस पांढरे झाले होते.

ठाण्याला नौपाड्यात आत्याकडे राहून मी बी.ए. झाले आणि एका शाळेत नोकरी धरली. तीन वर्षं शिकवलं, पण माझ्या पायाला भिंगरी. एकाच वर्गात तेच तेच धडे म्हणताना जीव उबायचा. आमच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं की बी.टी. होऊन या, पर्यवेक्षिकेची जागा निघेल. म्हणजे स्वतः थोडं शिकवायचं आणि बाकीच्यांचे तास बघून त्यांना सुधारायचं. मी एक वर्षाची रजा घेतली आणि मुंबईला कॉलेजात नाव घातलं.

बी.टी.चं शिक्षण म्हणजे काय, तर एकानं वर्गावर पाठ द्यायचा आणि बाकीच्या विद्यार्थी-शिक्षकांनी मागे बसून त्याच्या चुका टिपायच्या. माझ्या पहिल्या पाठाला मागे एकोणीस वह्या उघड्या होत्या. आवाज चिरका, प्रश्न स्वतःच विचारून उत्तर स्वतःच देतात, फळ्यासमोर उभं राहून फळाच झाकतात. मी घरी येऊन आत्यासमोर ढसाढसा रडले. एक मैत्रीण बिचारी चांगली, तिनं लिहिलं होतं, "पाठ पाहून समाधान वाटले." तर प्राध्यापकांनी तिलाच उभं केलं. म्हणाले, "समाधान वाटलं हा शेरा नव्हे, तो जेवणानंतरचा ढेकर आहे. काय दिसलं ते लिहा." ते वाक्य माझ्या डोक्यात जे जाऊन बसलं ते बसलंच. पुढे मी अशी तयार झाले की माझी वही बघून लोक घाबरायला लागले. आत्याच्या आमटीतही मला उणं दिसे. ती म्हणायची, "अगं, आमटी आहे ती, पाठ नाही. गिळ आता."

पास झाले आणि चार दिवस गावी गेले. नानांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. सकाळी त्यांनी मला शाळेत बोलावलं. दाराशी रांगोळी होती, पोरं न्हाऊन आलेली, खुर्चीवर आईची धुतलेली चादर घातलेली. मी आत गेले तर नाना उठून उभे राहिले. "बसा, बाई," म्हणाले. सगळी पोरं हसली, मीही हसले, पण नानांचा चेहरा गंभीर होता. त्यांनी इतिहासाचा तास घेतला. मग अभिप्रायाची वही माझ्यापुढे ठेवली.

ही वही पाहुण्यांसाठी असे. गावात कुणी शिकलेलं माणूस आलं की त्यानं तीत लिहायचं, अशी पद्धतच होती. पाटलांच्या जावयापासून आडवाटेनं आलेल्या कंपौंडरपर्यंत सगळ्यांनी एकच ओळ लिहिलेली, की शाळा पाहून समाधान वाटले. मी पेन उघडलं आणि मला तो ढेकर आठवला. मी लिहिलं, "मास्तरांची तळमळ वाखाणण्यासारखी. परंतु पाठ संपूर्णपणे घोकंपट्टीवर आधारलेला. मुलींना एकही प्रश्न विचारला नाही. पद्धत कालबाह्य." खाली झोकात सही केली, बी.ए., बी.टी. नानांनी ते वाचलं, वही मिटली आणि म्हणाले, "अक्षर छान आहे." मला वाटलं, ते खूश झाले. एवढं शिकलेली मी, पण मला तेवढंही वाचता आलं नाही.

नानांचं वय झालं होतं आणि दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज बोर्डाकडे गेला होता, हे मला माहीत होतं. त्याच कामासाठी पावसाळ्यानंतर दिपोटी आले. त्यांनी वही चाळली, माझं पान वाचलं आणि हसून म्हणाले, "मास्तर, हा तर घरचा अहेर." मुदतवाढ मिळाली नाही. दुसऱ्या कुठल्या कारणानं नाकारली असेल, असं आई म्हणते. मी तसं म्हणू शकत नाही.

नोकरी गेली तशा शाळेमागच्या खोल्याही गेल्या. तोवर मी पर्यवेक्षिका झाले होते आणि डोंबिवलीला चाळीत दोन खोल्या घेतल्या होत्या, कारण ठाण्यापेक्षा इथं जागा मोकळी आणि भाडं बेताचं. नाना-आई इथं आले. मी घर सोडलं तेव्हा ते घर तिथंच राहणार, असं मी धरून चालले होते. माणूस परत जायचं नसलं तरी मागे दार आहे म्हणून पुढे पळतो. आता मागे दार नव्हतं आणि पळून पळून मी ज्यांच्याजवळ आले, त्यांच्याकडे बघायचीच मला चोरी झाली.

नानांना इथं करायला काही नाही. रोज सकाळी रुळांच्या कडेनं ठाकुर्लीपर्यंत जातात आणि परत येतात. चाळीच्या मालकीणबाई इथल्याच जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांनी मला एकदा विचारलं, "बाय, तुजे बापसाचा काय हरवलाय काय? रोज कना शोधतो तो?" शेजारचे लोक पोरांना शिकवा म्हणून मागे लागले, तर नाना म्हणाले, "माझं शिकवणं जुनं झालंय. हिला विचारा." हे ते कुजकेपणानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी साधेपणानं बोलले.

दोन वर्षं मी हे पोटात ठेवलं. दिवसभर दुसऱ्यांचे तास बघायचे, संध्याकाळी नानांसमोर जेवायचं. एका रविवारी आई बाहेर गेली असताना मी एकदम विचारलं, "नाना, माझ्यामुळेच झालं ना?"

ते वर्तमानपत्र वाचत होते. घडी घातली. म्हणाले, "तू लिहिलंस ते खोटं नव्हतं. मुलींना मी विचारत नसे, ते खरंच. पण ते मला सांगायचंस गं. वहीला कशाला सांगितलंस?"

शाळेत मी आता आधी शिक्षकाला सांगते, मग लिहिते, आणि पुष्कळदा लिहायची गरजच उरत नाही. गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी अजून आपल्याच गावाचं नाव घेते. घर मात्र मी त्या वहीत मोडलं आणि ते आता या दोन खोल्यांत बोलून बोलून उभं करायचं आहे. आम्हा दोघांनाही ते नीट येत नाही.

जन्मात चुलीजवळ न गेलेले नाना हल्ली माझ्यासाठी सकाळचा चहा करतात. पाकासारखा गोड असतो. वर्षभर मी तो मुकाट्यानं प्याले. काल म्हटलं, "नाना, साखर फार होते."

"मग वर्षभर का बोलली नाहीस?" ते म्हणाले, आणि माझ्या हातातला कप घेऊन दुसरा चहा करायला उठले.