डोक्यामागची फळी

आमचा दादा कारखान्यात लेथ मशीनवर होता, पण जीव सगळा लाकडात. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसून काहीतरी घासत असायचा. हात सोन्याचा, पण चाल कासवाची. कारखान्यातले त्याला कासवच म्हणायचे, आणि तो ओ पण द्यायचा.

पलंग करायला घेतला तेव्हा वहिनी म्हणाली होती, हा पुरा होईस्तोवर आपण दोघं म्हातारी होऊ. सांगाडा उभा राहिला, डोक्यामागची रुंद फळी बसली, फक्त रंग राहिला. पण आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर रंग लावून बघायचा, हा त्याचा नेम. तुकड्याच्या मागं पेन्सिलीनं लिहायचं, पावडर किती चमचे, पाणी किती. सात तुकडे झाले तरी मनासारखा रंग येईना. जमिनीवर झोपून वहिनीची कंबर गेली. शेवटी वैतागून तिनं कच्च्याच पलंगावर गादी टाकली.

दादा म्हणाला, "अगं, कच्चं लाकूड काय लागेल ते पिऊन टाकतं. मग तिथं रंग बसत नाही."

"पिऊ दे," वहिनी म्हणाली. "तुमच्या रंगापायी मी आडवी व्हायची बाकी आहे."

दीड वर्ष तसंच गेलं. दादा डोक्याला तेल चोपडून, फळीला टेकून पेपर वाचायचा. मग आठव्या तुकड्यावर रंग जमला. मागं लिहिलं, हाच. रविवारी लावतो म्हणाला. गुरुवारी लेथपाशी खाली बसला, तो उठलाच नाही.

त्यानंतर वहिनी पलंगावर झोपायची नाही. खाली अंथरूण. कंबर दुखली तर दुखली. लेकीनं समजावून बघितलं, पण नाही म्हणजे नाही. म्हणायची, त्यांचं काम अर्धं पडलंय, त्यावर मी कशी लोळू.

चार महिन्यांनी तिनं तो आठवा तुकडा काढला. लिहिल्याबरहुकूम पावडर मोजली, गरम पाण्यात कालवली, फडक्यानं लावत गेली. पाय झाले, बाजूच्या पट्ट्या झाल्या. तुकड्यावरचाच रंग, अगदी कडक चहासारखा. मग फळी घेतली. दादाच्या बाजूला ताटलीएवढा गोल काही केल्या रंग घेईना. दुसरा हात दिला, तरी फटफटीत.

शेजारचा सुतार आला, बोट फिरवलं, म्हणाला, "वहिनी, तेल आहे हे. इथं टेकत होते ना?"

वहिनीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. दीड वर्षाचं टेकणं तिथं होतं, आणि तिचं ते "पिऊ दे" पण होतं. सुतार म्हणाला, उशी ठेवा, झाकून जाईल. नाहीतर थिनरनं पुसून जाड काचकागदानं खोल घासायचं, आणि अख्खी फळी पहिल्यापासून रंगवायची.

चार दिवस ती उशी ठेवायची, उशी काढायची. लेक म्हणाली, राहू दे की आई, बाबांची खूण आहे. वहिनीला पण तेच वाटत होतं. पण दादानं एकदा बोटाएवढ्या डागासाठी अख्खं स्टूल खरवडलं होतं. डाग ठेवून काम दिलं असं त्याच्या जन्मात झालं नव्हतं. आणि हा डाग तर तिच्या घाईनं पडलेला.

पाचव्या दिवशी तिनं थिनरनं पुसून कागद घेतला. घासता घासता लाकूड तापलं आणि तेलाचा वास आला. त्याच्या डोक्याचा. ती थांबली. फळीला कपाळ लावून बराच वेळ बसली. मग परत कागद उचलला.

तीन दिवस लागले. फळी एकसारखी झाली. सुतार बघायला आला, खूश झाला. म्हणाला, "डाग कुठं होता ते सांगता पण यायचं नाही."

वहिनीनं फळीवरून हात फिरवला, इकडून तिकडं, परत इकडं.

"हो ना," ती म्हणाली. "मलाच सापडत नाहीये."