होस्तिस आणि गूळ-पाणी

लॅटिनमध्ये 'होस्तिस' म्हणजे शत्रू. पण मुंबईच्या कॉलेजात आमचे पाद्री प्राध्यापक सांगायचे की मुळात हा शब्द परक्याचा, दारी आलेल्या पाहुण्याचा. लॅटिनच्याही आधी इटलीत जी बोली होती, तिच्यातलं त्याचं रूप कुणी लिहून ठेवलेलं नाही. विद्वानांनी भावंड-भाषा ताडून ते तर्काने उभं केलं. अशा रूपाच्या आधी ते फळ्यावर चांदणी काढत. चांदणी म्हणजे पुरावा नाही, नुसता अंदाज. "पाहुण्याचा शत्रू नेमका कधी झाला, कुणाला ठाऊक!" म्हणायचे.

मला ठाऊक आहे. माझ्याच घरात झाला.

बी. ए. होऊन मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत परतलो, तो कायमचा. खालच्या शाळेत मास्तरकी करायची, थोरल्या भावाबरोबर शेत बघायचं, एवढंच मनात होतं. एस्टीतून उतरून चढण चढलो आणि ओटीवर टेकलो. वहिनीने पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. आमच्याकडे गूळ-पाणी पाहुण्याला देतात. घरचा माणूस सरळ आत जाऊन हंड्यात तांब्या बुडवतो. तिथेच म्हणायला हवं होतं, "वहिनी, मी काय पाव्हणा हाय?" पण मेली तहान! खडा तोंडात टाकला आणि घटाघटा प्यायलो. दादा उंबऱ्यात उभा राहून बघत होता.

सकाळी लावणीला निघालो. खुंटीवरचं इरलं काढलं, तर दादाने ते हातातून घेतलं.

"बस रे ओटीवर. पाव्हण्याला चिखलात उतरवला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"दादा, मी राहायला आलोय."

"कुठं?"

वहिनी चुलीपुढून हलली नाही. शेत त्याने राबून राखलं, कबूल. पण घर बापाचं होतं ना? तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ट्रंक उचलली ती मीच, आणि कुणी अडवलं नाही. वहिनीने वाटेसाठी पोह्यांची पुरचुंडी दिली. तीही पाहुण्यालाच देतात.

पुढे बऱ्याच वर्षांनी दादा दुखणं दाखवायला मुंबईत माझ्या खोलीवर आला. वळकटी घेऊन आला होता, म्हणजे राहायलाच. मी बायकोला म्हटलं, "आधी गूळ-पाणी आण."

दादाने खड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जिने चढून त्याच्या ओठांना कोरड पडली होती. तांब्याला हात न लावता त्याने वळकटी पुन्हा काखेत मारली.