बाहीवरचा बिल्ला

आमच्या घरात बिस्किटांचे डबे पुष्कळ आहेत, आणि बिस्किट एकातही नाही. सगळ्यांत बिल्ले भरलेत, जुन्या फुटबॉल जर्सींच्या बाहीवर असतात ते. आमच्या ह्यांचा धंदाच तो. लोक आपली नाहीतर आपल्या बापाची जुनी जर्सी घेऊन येतात, शिवण उसवलेली, पाठीवरचा आकडा निघालेला, बिल्ला कसरीनं खाल्लेला. हे ती होती तशी करून देतात. नवा बिल्ला छापून चिकटवणं कोणालाही जमतं, पण ह्यांना त्याच वर्षी शिवलेला खरा बिल्ला लागतो. त्यासाठी हे जुन्या कपड्यांचे बाजार पालथे घालतात, बंद पडलेल्या क्लबांच्या अडगळीच्या खोल्यांत शिरतात, आणि कुणा खेळाडूच्या विधवा बायकोला फोन करून कपाटात काय काय आहे म्हणून विचारतात. एका बाईंनी पोलिसांना बोलावीन म्हणून दम दिला होता. मला त्या बाई पटल्या.

खरा बिल्ला ओळखायची ह्यांची रीत म्हणजे आधी उलटा करून नाकाला लावायचा. खोट्याच्या पाठीला गोंदाचा वास येतो, खऱ्याची जाळी पिवळी पडलेली असते आणि तिला बंद कपाटाचा वास येतो. मग पुढची मखमली लव गालावर फिरवायची. भर बाजारात हा माणूस डोळे मिटून गालावर बिल्ले घासत उभा राहतो, आणि मी आपली ओळखच नसल्यासारखी पलीकडच्या दुकानात भांडी बघते.

धंद्यात ह्यांचा एक नियम होता. धडक्या जर्सीचा बिल्ला काढायचा नाही. जी पुन्हा कुणाच्या अंगावर चढणारच नाही, तिचाच घ्यायचा. हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तोही मुलाच्या सांगण्यावरून.

मुलगा आमचा गोलकीपर. संघात त्याला भिंत म्हणायचे. घरी ही भिंत कायम आडवी, पलंगावर. कॉलेजात असताना त्याच्या क्लबनं एक लीग जिंकली. ती लीग एकाच वर्षी भरली आणि मोडली, त्यामुळे तिचे बिल्लेही तेवढेच निघाले. पुढे भिंतीला नोकरी लागली, पोट सुटलं, जर्सी कपाटात गेली. बऱ्याच वर्षांनी एक बाई त्याच लीगची तसलीच जर्सी घेऊन दुकानात आली. तिचे वडील क्लबच्या बसचे ड्रायव्हर होते, पोरांनी त्यांना ती भेट दिली होती. बिल्ल्याची कसरीनं पार चाळण केली होती. ह्यांनी जंग जंग पछाडलं, पण तो बिल्ला काही मिळेना.

"बाबा, माझा काढा की," भिंत म्हणाला. "माझ्या पोटावरून ती आता खाली येत नाही. ड्रायव्हरकाका म्हातारे झालेत. मला काय, तुम्ही सावकाश दुसरा शोधून द्या."

ह्यांनी काढला. बाकी जर्सी विटली होती, पण बिल्ल्याखालचं कापड गर्द हिरवंच राहिलं होतं. बाहीवर ढालीच्या आकाराचा हिरवा डाग दिसायला लागला. मग घरात थट्टाच सुरू झाली. भिंत जेवायला बसला की विचारायचा, "बाबा, माझी ढाल?" आणि हे म्हणायचे, "येतेय, वाटेत आहे."

मग भिंत गेला. ऑफिसला जाताना, रस्त्यावर. त्याबद्दल मला जास्त काही सांगायचं नाही. दात काढायच्या आधी सुई टोचतात ना, मग जबडा आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं माझं झालं. भेटायला येणारी माणसं रडायची आणि मी त्यांना पाणी द्यायची. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. धीर कसला, मला काही वाटतच नव्हतं.

हेही रडले नाहीत. हे दुकानात गेले आणि पुन्हा बिल्ला शोधायला लागले. आणि गंमत बघा, इतकी वर्षं जो मिळाला नाही तो मिळाला. परगावच्या एका व्यापाऱ्यानं पाठवला. ह्यांनी वास घेतला, गालावर फिरवला, खरा निघाला.

"लावा मग," मी म्हटलं.

"खरा आहे, पण त्याचा नाही."

मी चिडले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणाऱ्याला काय म्हणायचं? बोलले तेवढं बोलले, पालथ्या घड्यावर पाणी. ह्यांना तोच बिल्ला हवा होता, भिंतीच्या बाहीवरून काढलेला. ड्रायव्हरच्या मुलीचा नंबर बदललेला, घर सोडलेलं. ह्यांना वाटलं, जर्सी विकली गेली असणार, म्हणून हे प्रत्येक बाजारात तीच शोधत फिरायचे. गिऱ्हाइकांच्या जर्सी दुकानात साचत गेल्या. ताटातलं ताटात राहायला लागलं. माझ्या मनात एकच होतं, एकदाचा तो बिल्ला मिळू दे. मिळाला की हे रडतील आणि मोकळे होतील. झालंच तर मीही होईन.

शेवटी पत्ता लागला तो संघाच्या जुन्या कॅप्टनकडून, त्याचं आता टायरचं दुकान आहे. जर्सी कुठे विकली-बिकली गेली नव्हती. ड्रायव्हरकाका गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होते. ती त्यांच्या अंगावरच होती.

आम्ही गेलो तेव्हा मुलगी तिथेच होती. मी हातचं काही न राखता सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, घ्या ना. त्यांना काही कळत नाही आता. मी जर्सी काढून देते." पण म्हातारा जर्सी काढू देईना. तेव्हा ह्यांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि त्यांच्या शेजारी पलंगावर बसले. बिल्ल्याची कड उचलून आतला टाका बघितला. स्वतःचा टाका ओळखायला ह्यांना चष्मा लागला नाही.

म्हाताऱ्यानं इंजेक्शन घेताना करतात तसा हात पुढे केला. हे एकेक टाका कापत होते. म्हातारा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सगळे बसले का गाडीत?"

"बसले," हे म्हणाले.

"मोजून घ्या. मागे कोणी राहिलं नाही ना?"

ह्यांची कात्री थांबली. मी भिंतीवरच्या पंख्याच्या बटणांकडे बघत राहिले.

"नाही," हे म्हणाले. "सगळे आले. काढा गाडी."

परगावाहून आलेला तो दुसरा बिल्ला ह्यांनी बरोबर आणला होता. तो त्यांनी म्हाताऱ्याच्या बाहीवर शिवून दिला, आणि आम्ही घरी आलो.

घरी ह्यांनी हात धुतले, टेबलावर भिंतीची जर्सी पसरली. बिल्ला त्या हिरव्या डागावर ठेवला. कडेला कड लागली. हे शिवत होते आणि मी समोर खुर्ची घेऊन बसले होते, वाट बघत. शेवटची गाठ मारली, दोरा तोडला.

"झालं," हे म्हणाले.

मला वाटलं, आता. पण हे रडले नाहीत. सुई दोऱ्याच्या रिळाला खोचली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "आता काय करू?"

इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला हे कधी विचारलं नव्हतं. आणि मला भीती वाटली. किती काळानं काहीतरी वाटलं, तर ती भीती. हा माणूस इतके दिवस कशावर उभा होता ते मला तेव्हा कळलं, आणि तेच मी संपवा संपवा म्हणून त्याच्या मागे लागले होते.

मी जर्सी माझ्याकडे ओढली. कॉलरचं बटण बोटांत धरलं. पहिल्या दिवसापासून तेच बटण होतं. ते दोनदा तुटलं होतं, आणि दोन्ही वेळा मीच ते ह्यांच्यासमोर लावलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "हे बटण काही खरं दिसत नाही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग जर्सी घेतली, बटण उजेडात धरलं, उलटं केलं, नखानं खरवडलं. बराच वेळ बघितलं.

"नाही," हे म्हणाले. "खरं नाही. शोधावं लागेल."

"शोधू," मी म्हटलं.