शिवणीतला भुंगेरा

मार्चमध्ये माझे यजमान वारले. त्यांचे कपडे देऊन टाकल्यावर बर्फात घालायचं जाकीट तेवढं उरलं. ते विकत घ्यायला एक मुलगी इथे आखातात, अल बर्शाच्या आमच्या घरी आली. ती संशोधनासाठी अंटार्क्टिकाला निघाली होती. लेकराच्या उवा काढाव्यात तशी ती जमिनीवर बसून चिमट्याने शिवणी साफ करू लागली. एका शिवणीतून वाळलेला भुंगेरा निघाला. आमच्या मनालीच्या सहलीतलाच असणार.

“सॉरी काकू, हा मेलाय, पण याची अंडी तिकडे गेली तर? यांना खाणारं तिथे कोणीच नाही. मग तिथलं सगळं खलास. टाकू ना हा?”

खिडकीबाहेरची वाळू मला क्षणभर बर्फासारखी दिसली. मी तळहात पुढे केला.

जाकीट गेलं. भुंगेरा माझ्याकडे आहे.