मढची मासळी : शून्य

"इतर? इतर म्हणजे काय? कचऱ्याचा डबा आहे का हा?" असं म्हणत आमच्या ऑफिसातले काका माझ्या टेबलावर पेन आपटायचे. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. घराघरांतून भरून आणलेले घरखर्चाचे फॉर्म आमच्या मुलुंडच्या ऑफिसात यायचे. तेल, साबण, विडी, लग्नातला आहेर, प्रत्येक खर्चाला ठरलेला आकडा, म्हणजे कोड, द्यायचा. ते आकडे कॉम्प्युटरच्या टेपवर जायचे आणि टेप संशोधकांकडे. आकडा आठवला नाही की मी बिनधास्त 'इतर'चा ठोकायची. पाच वाजायला नकोत का?

एकदा एक संशोधक आले, सफारी-बिफारी घालून. म्हणाले, "मोठा शोध लागलाय. मढचे कोळी मासेच खात नाहीत. मासळीवरचा खर्च शून्य!"

काका इतके हसले की कवळी सांभाळावी लागली. "अहो, घरच्या होडीतला बोंबील कोळीण विकत कुणाकडनं घेणार? स्वतःकडनं?"

"पण टेपवर तर..."

"टेपवर आहे हो. घरच्या मालाचा रकाना वेगळा. पण तो कुठला, हे तुम्हाला सांगितलं कुणी?" आणि काकांचं हसू गेलं. कुणीच सांगितलं नव्हतं. ते सगळं एकट्या त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते चार महिन्यांत रिटायर होणार होते.

मग टेपसोबत द्यायला त्यांनी माहितीपुस्तिका लिहायला घेतली. साहेब म्हणाले, "कशाला? शिकलेली माणसं आहेत, कळतं त्यांना."

"हो ना, परवाच पाहिलं," काका म्हणाले.

रोज जेवणाच्या सुट्टीत मला हाक. "ऑफिसातली सगळ्यात ढ कोण? ये गं, वाच. तुला कळलं तर कुणालाही कळेल." मी अडले की पान फाडून पुन्हा लिहायचे. माझ्या जेवणाची रोज वाट लागायची. एकदा मी भडकलेच, "तुम्ही गेल्यावर कुणीतरी निस्तरेल ना, काका!"

"कोण?" काका म्हणाले. मी डबा झाकला आणि पुढचं पान ओढलं.

रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी पुस्तिका साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी ती छापायला वर्ष लावलं. छापून आली तेव्हा काकांना देवाघरी जाऊन दोन महिने झाले होते.

शेवटचं पान त्यांनी मला कधी वाचायला दिलं नव्हतं. त्यावर माझं पूर्ण नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, "एवढे वाचूनही अडले, तर यांना विचारावे. यांना सगळे कळते."

मी भर ऑफिसात भोकाड पसरलं. हे तोंडावर सांगायला काय झालं होतं हो, काका?